सोंगाचा मान

जर्मनीतल्या कोलोनमध्ये पाचवा ऋतू असतो : कार्निव्हल. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी तो सुरू होतो, नाताळाआधीच्या आठवड्यांत दम खातो आणि ईस्टरच्या जवळपास सात आठवडे आधी रस्त्यावर उतरतो. गुरुवारी बायकांचा दिवस, रविवारी शाळांच्या आणि वस्त्यांच्या मिरवणुका, सोमवारी मोठी मिरवणूक, मंगळवारी मध्यरात्री शेवट. अकरा हा इथे वेड्यांचा आकडा मानतात. मराठी वाचकाला तारखेची सोपी खूण सांगायची तर महाशिवरात्र. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे त्याच्या दीड चांद्रमास आधीचा हा सण अमावास्येच्या आसपासच पडतो. २०२३ मध्ये महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती आणि कोलोनची मोठी मिरवणूक २० ला. २०२६ मध्ये १५ आणि १६ ला. अधिकमासाच्या हिशेबामुळे एखाद्या वर्षी दोघांत महिन्याचं अंतर पडतं, २०२४ मध्ये पडलं तसं. आपला शिमगा त्यानंतर पंधरवड्याने, आणि तो होळी पेटवून सुरू होतो. इथे उलटं आहे. दारूच्या गुत्त्यांच्या दारावर सणभर टांगून ठेवलेलं नुब्बेल नावाचं गवताचं बुजगावणं मंगळवारी रात्री खाली उतरवतात, त्याच्यावर रीतसर खटला चालवतात, सहा दिवसांत झालेली सगळी पापं आणि उधारी त्याच्या माथी मारतात आणि त्याला जाळतात. बुधवारी कपाळाला राख आणि ताटात मासे.

या सगळ्याचं एक तयार स्पष्टीकरण बाजारात मिळतं. वर्षभर दाबून ठेवलेली वाफ चार दिवस सोडायची, राजाला रंक आणि रंकाला राजा करायचं, मग पुन्हा आपापल्या जागी जायचं. मिखाईल बाख्तिन या रशियन अभ्यासकाने ही उलथापालथ युरोपच्या लोकहास्याचा गाभा म्हणून मांडली आणि तेव्हापासून कार्निव्हल म्हटलं की नियमांची सुट्टी असं समीकरण बसून गेलं. परगावाहून, परदेशातून इथे राहायला आलेल्यांनाही ते सोयीचं वाटतं. एरवी ताठ चालणारं शहर आज सुटलंय, तर आपणही टोपी घालून गर्दीत शिरावं. पण कोलोनचा इतिहास नीट पाहिला तर हे समीकरण टिकत नाही. हा सण जगला तो सुटल्यामुळे नाही. कुणीतरी तो सतत बांधत राहिलं म्हणून जगला. आणि हे बांधणं धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला जितकं चटकन ओळखू येतं तितकं बर्लिनच्या माणसालाही येत नसेल, कारण त्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे : मान. पालखीचा मान, पलंगाचा मान, काठीचा मान. मान म्हणजे नुसता सन्मान नव्हे. ते अंगावर घेतलेलं, दरवर्षी न चुकता करायचं काम असतं, आणि पदरचा पैसा घालून करायचं.

कार्निव्हल कोलोनमध्ये मध्ययुगापासून आहे, पण आज दिसतो तो १८२३ चा आहे. १७९४ मध्ये फ्रेंच फौज शहरात आली, पुढच्या वर्षी सोंगांवर बंदी आली, ती १८०४ मध्ये उठली. १८१४ मध्ये फ्रेंच गेले आणि १८१५ मध्ये प्रशियाचं राज्य आलं. कॅथलिक कोलोनवर प्रोटेस्टंट प्रशियाचे अंमलदार, असा तो मामला. तोवर सण पार विस्कळीत झाला होता. तेव्हा शहरातल्या सुशिक्षित, पैसेवाल्या मंडळींनी काय केलं, तर एक समिती काढली. तिचं नावच मुळी सण लावून देणारी समिती असं होतं. १० फेब्रुवारी १८२३ ला पहिली मोठी मिरवणूक निघाली. विषय होता वीर कार्निव्हलचा राज्यारोहण सोहळा. त्याच वर्षी लाल फुंकन हे मंडळ उभं राहिलं. फ्रेंचांनी मोडीत काढलेल्या शहर शिपायांचा लाल गणवेश या लोकांनी घातला, हातात लाकडी बंदुका घेतल्या, नळीत फुलं खोचली आणि दोघादोघांनी पाठीला पाठ लावून ढुंगण घासत नाचायची कवायत बसवली. प्रशियाच्या कवायतीची ही टर आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. पण टर उडवायलाही त्यांना गणवेश, हुद्दे, तालीम आणि सभासदांची यादी लागली, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचं. बायकांचं तर त्याहून गमतीदार. नवरे कोलोनला मजा मारायला जातात आणि आम्ही घरी कपडे धुतो, म्हणून बॉनजवळच्या बॉयेल गावातल्या धोबिणी १८२४ मध्ये उठल्या. उठल्या आणि त्यांनी काय काढलं? समितीच! गुरुवारी बायका पुरुषांचे टाय कात्रीने कापतात आणि नगरपालिकेच्या कचेरीवर चाल करून जातात, त्या प्रथेचं मूळ या बंडात सांगतात.

आज शंभराहून अधिक मंडळं त्या मूळ समितीच्या छत्राखाली आहेत आणि दरवर्षी त्यांतल्या एका मंडळाकडे त्रिकूट जातं : राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका. शेतकऱ्याकडे शहराच्या किल्ल्या आणि मळणीचं झोडपणं, डोक्यावर मोरपिसांचा टोप. कुमारिका म्हणजे तटबंदीच्या आड कुणाच्याही हाती न लागलेलं कोलोन शहर. तिच्या हातात आरसा असतो आणि ती असते पुरुष, गुळगुळीत दाढी केलेला. पोतराजाच्या कमरेचे घोळदार कपडे आणि तमाशातला नाच्या पाहिलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. नवल वाटावं ते त्या तिघांच्या कामाचं. मोसमभर एका संध्याकाळी अनेक सभागृहं, वृद्धाश्रम, इस्पितळं, शाळा अशा फेऱ्या करायच्या, आणि खर्चाचा भार मंडळाने व मानकऱ्यांनीच सोसायचा. तुळजापूरच्या नवरात्राचं गणितही असंच आहे. देवीची पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते, पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून निघतो, वाटेतली गावं आपापला वाटा उचलतात. दसऱ्याच्या पहाटे १०८ साड्यांचं दिंड बांधून देवी सीमोल्लंघनाला निघते तेव्हा बघणाऱ्याला कुंकवाची उधळण, संबळ आणि ‘आई राजा उदो उदो’चा कल्लोळ दिसतो. त्या कल्लोळात प्रत्येक हाताचं काम आधी ठरलेलं असतं. नंतर देवी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा घेते. देवालाही दमायची मुभा देणारं वेळापत्रक ज्यांनी आखलं, त्यांना माणसांकडून काम करून घेण्याची कला अवगत असणारच.

इथे रास्त हरकत येईल. तुळजापूर भक्ती आहे, कार्निव्हल चैन. एकात नवस फेडायचा, दुसऱ्यात बिअर प्यायची. दोन्ही एका तराजूत कशी घालता? फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कोलोनच्या सोमवारी गाड्यांवरून सुमारे ३०० टन गोळ्या-चॉकलेटं गर्दीवर फेकली जातात आणि लोक उलट्या छत्र्या धरून ती गोळा करतात. धाराशिव जिल्ह्यातल्याच येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो लोक वाकतात तेही वेचायलाच, पण ते वेचतात चुनखडीचे खडे, आणि घरी नेत नाहीत, ढिगावर टाकतात. त्या चुन्याने देवीचं मंदिर रंगतं. एका ठिकाणी वाकून घ्यायचं, दुसऱ्या ठिकाणी वाकून द्यायचं. मात्र माझा मुद्दा श्रद्धेचा नव्हताच, टिकण्याचा होता. येरमाळ्याचा चुना भक्तीने वेचला जातो हे खरं, पण भक्ती एकट्यादुकट्याचीही असू शकते. यात्रा भरते ती प्रत्येकाच्या वाट्याला पाच खडे आले म्हणून. कोलोनमध्ये श्रद्धा पातळ झाली, चर्च सोडणारे वाढले, तरी सण हलला नाही, कारण कामाची वाटणी शाबूत राहिली. दुसऱ्या महायुद्धात शहराचा मध्यभाग जवळजवळ जमीनदोस्त झाला होता, आणि १९४९ मध्ये ढिगाऱ्यांमधून पुन्हा मिरवणूक निघाली. राडारोड्यात वाफ सोडायला कुणाला सवड होती? मंडळं शिल्लक होती, म्हणून मिरवणूक निघाली.

दुसरी हरकत जास्त टोचणारी आहे. बांधलेला सण बांधणाऱ्याच्या हातात जातो, आणि ज्याच्या हातात सत्ता तो बांधणाऱ्याला हातात घेतो. याला उत्तर देताना कोलोनकर स्वतःच अवघडतात. नाझींनी सण ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा १९३५ मध्ये मंडळांच्या अध्यक्षांनी विरोध केला आणि समिती वाचवली. पुढे कित्येक वर्षं ही ‘वेड्यांची बंडाळी’ अभिमानाने सांगितली गेली. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ च्या मिरवणुकीत, देश सोडून निघालेल्या यहुद्यांची टवाळी करणारा गाडा निघाला होता, आणि तो कुणी जबरदस्तीने घुसवला नव्हता. समिती वाचली, एवढंच. विनोदी भाषणं करणारा कार्ल क्युपर व्यासपीठावर येऊन हिटलरी सलामासारखा हात वर करायचा आणि आमच्या तळघरात घाण कुठवर साचलीय ते दाखवतोय, असा अर्थ लावायचा. १९३९ मध्ये त्याच्यावर भाषणबंदी आली. तो एकटाच होता. कुमारिकेचं सोंग पुरुषाने घेणं नाझींना खटकलं म्हणून १९३८ आणि १९३९ मध्ये बाईला उभं केलं गेलं; त्यामुळे आज बाईने कुमारिका व्हावं म्हटलं की विरोधकांच्या हाती आयतं कारण मिळतं. मुलांच्या त्रिकुटात कुमारिका मुलगीच असते, तिथे कुणाचा धर्म बुडत नाही, हे ते सोयीस्कर विसरतात. तेव्हा मान हा प्रकार निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मानाच्या याद्यांत जातीही लिहिलेल्या असतात, हे मराठवाड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण मान वाटून दिलेला असेल तर तो मागता तरी येतो, त्यावर भांडता येतं. निव्वळ गर्दीकडे काय मागणार? १९८४ मध्ये कोलोनच्या डाव्या, फाटक्या तरुणांना मंडळांच्या भाषणं-गाण्यांच्या अधिकृत बैठका शिळ्या वाटल्या, तेव्हा त्यांनी सण सोडला नाही. स्वतःची विरोधी बैठक काढली. तिची तिकिटं मिळणं आज अधिकृत बैठकांइतकंच मुश्कील आहे.

वाफेचं स्पष्टीकरण कुठे लागू पडतं हे पाहायचं तर गोव्याकडे पाहावं. इंत्रूज हा तिथला जुना शब्द, पोर्तुगीज ‘एंत्रुदो’वरून आलेला, पिठाच्या पुड्या, रंग, पाणी एकमेकांवर मारायचं आणि गावोगाव खेळ करायचे, असा तो सण. पणजीची चित्ररथांची मिरवणूक आणि किंग मोमो हे मुक्तीनंतरचं, १९६५ पासूनचं. सरकार मोमो निवडतं, पर्यटन खातं पैसा घालतं, जाहिरातदार गाड्यांवर नावं लावतात, आणि दरवर्षी चर्चमधून व महिला संघटनांकडून तेच आक्षेप येतात. याच दिवसांत सासष्टीतल्या चांदोरला मुसळखेळ होतो. ख्रिस्ती क्षत्रिय घरातले पुरुष मुसळं घेऊन दारोदार नाचतात. विजयनगरच्या विजयाची ती आठवण आहे असं ते मानतात. धर्म बदलला, राज्यं गेली, आणि त्या गावाने मुसळ खाली ठेवलं नाही. पणजीची मिरवणूक सरकारने उद्या पैसा काढून घेतला तर परवा निघेल का, हा प्रश्न विचारून पाहावा. चांदोरबद्दल तो सुचतसुद्धा नाही.

कोलोनलाही पणजीची लागण आहेच. ११ नोव्हेंबरला विद्यापीठाजवळच्या झ्युल्पिशर रस्त्यावर बाहेरगावची हजारो पोरं रेल्वेने येतात, पितात, दारांत घाण करतात आणि निघून जातात. तिथले रहिवासी हताश झालेत. त्या पोरांना वाटतं तेच कार्निव्हल. त्यांच्या अंगावर सोंग असतं, वाट्याला काम काहीच नसतं. याच्या उलट उदाहरण २०२२ चं. युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा मिरवणुकीच्या सोमवारला चार दिवस उरले होते. समितीने मोठी मिरवणूक रद्द केली आणि तिच्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, शांततेसाठी मोर्चा काढला. अडीच लाख माणसं आली, पुष्कळशी सोंगातच. चार दिवसांत मिरवणुकीचा मोर्चा करणं केवळ गर्दीला जमत नाही.

बाहेरून येऊन स्थायिक झालेल्याला कोलोनच्या बोलीत ‘इमी’ म्हणतात, म्हणजे नकली. शिवी नाही, पण दहा-वीस वर्षांत सुटणारी पाटीही नाही. त्याला वाटतं की भारी पोशाख घेतला, बोलीतली चार गाणी पाठ केली की आपण आत आलो. इथले लोक त्याला ‘आलाफ’ ही सणाची आरोळी देऊन दाद देतात, गालाचा मुकाही देतात, आणि ओळखतात तो पाहुणा आहे म्हणून. सोमवारच्या मिरवणुकीतली जागा जुन्या मंडळांची. रविवारच्या वस्त्यांच्या मिरवणुकीला मात्र गल्लीतलं कुठलंही टोळकं नाव नोंदवू शकतं. महिनोन्महिने गॅरेजमध्ये बसून पुठ्ठे कापायला, शिवायला, हातगाडा ओढायला माणसं कमीच पडतात, आणि गाडा ओढणाऱ्याचा जन्म कुठला हे तिथे कुणी विचारत बसत नाही. रविवारच्या टोळक्यांमध्ये ज्यांना बक्षीस मिळतं, त्यांना दुसऱ्या दिवशी मोठ्या मिरवणुकीत चालायचा मान असतो.