मामांनी पट सोडला

गेल्या पौषात सहकुटुंब आजोळी गेलो होतो, गोंदिया जिल्ह्यात. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत शंकरपट भरतात. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक आणि मधल्या वेळात पाहुण्यांच्या पोरींची लग्नं जुळवायची!

पटाच्या आदल्या संध्याकाळी आमचे चिरंजीव मामांना अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतींचं पुराण ऐकवत होते. रिचर्ड पेटी नावाच्या गड्यानं 200 शर्यती मारल्या आणि 1992 साली तो निवृत्त झाला, वगैरे.

मामांनी विचारलं, "त्यानं कायले सोडलं?"

"वय झालं, आजोबा."

मामा नुसतेच हसले. तेही एके काळचे नामांकित धुरकरी. हलक्या छकड्यावर बसून जोडी अशी सोडायचे की हार-जीत सेकंदाच्या तुकड्यावर ठरायची! सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली शर्यती बंद केल्या, तेव्हा मामा घरी बसले, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. तसं म्हणालोही.

"नाही रे बापू. मी तं त्याच्या आधीच सोडला."

मग थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं. शेवटच्या पटात त्यांची जोडी मागं पडत होती. आयुष्यात कधी नाही ती त्यांनी पराणी टोचली. जोडी जिंकली. लोकांनी गुलाल उधळला. घरी आल्यावर बैलाची पाठ पुसताना गुलालासोबत रक्त आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वैरण पुढं केली, तर बैल एक पाऊल मागं सरकला.

"मोटारीले दुखत नाही," मामा नातवाला म्हणाले. "तुझा तो पेटी सुखी."

ती जोडी मामांनी विकली नाही. म्हातारी होईपर्यंत गोठ्यात सांभाळली. बक्षिसाची घागर मात्र मामीला कधी वापरू दिली नाही.

डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, 2023 साली कायदाही कायम केला. आता पराणीला, चाबकाला बंदी आहे.

दुसऱ्या दिवशी मामा आमच्याबरोबर पटावर आले. जोडी धुरळा उडवत शेवटाला पोचली की सगळ्यांच्या माना घड्याळाकडे वळत. मामा तेवढे पुढं होऊन बैलांच्या पाठी पाहत होते.