आठवडा कुठे सुरू होतो?

रोजच्या नोंदींवरून आठवड्याची बेरीज काढणं हे एसक्यूएलमधलं बालवाडीतलं काम. सम, ग्रुप बाय, झालं. (घरच्यांसाठी: वाण्याच्या वहीत शनिवारी रेघ मारून बेरीज करतो ना, तेच.) मेख आहे ती रेघ कुठे मारायची यात.

आम्हा माझगावकरांना उदाहरण लांब शोधायला नको. गोदीच्या कडेने दक्षिणेला गेलं की मांडवी. तिथे सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे कित्येक वर्षं तो डोकं वर काढत राहिला. १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथीच्या गणितावर शोधनिबंध लिहिला. २०२० मध्ये कोविडच्या वेळी ज्या मॉडेलांची चर्चा होती, त्यांचं मूळ तिथलं. त्यात मुंबई बेटाचा आलेख आहे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६, दर आठवड्याचे प्लेगचे मृत्यू. त्यांच्या सूत्रातलं शिखर आठवड्याला ८९० चं.

मी वार तपासले. पहिला दिवस रविवार, शेवटचा शनिवार. २१७ दिवस, बरोबर ३१ आठवडे! रोजचे आकडे काही हाताशी नाहीत, म्हणून नुसत्या तारखांचं टेबल करून बघितलं. मायएसक्यूएलमध्ये वर्ष आणि वीक यांवर ग्रुप केलं की ओळी येतात ३२. रविवार ३१ डिसेंबर एकटाच त्रेपन्नाव्या आठवड्यात, आणि १ ते ६ जानेवारी चक्क 'शून्याव्या'. म्हणजे साथ चढत असताना मध्येच एक आठवडा जवळजवळ रिकामा. बघणारा म्हणेल, ओसरली वाटतं! इयरवीक वापरलं की सातही दिवस १९०५५३ खाली एकत्र येतात. पोस्टग्रेसचं डेट ट्रंक सोमवारपासून मोजतं, त्यामुळे तिथे पहिलाच रविवार वेगळा पडतो. तारखेत एक दिवस मिळवायचा, ट्रंक करायचं, मग एक वजा करायचा.

हे सगळं जमतं. मला खटकते ती दुसरीच गोष्ट. समजा फक्त माझगावचे मृत्यू काढायचे आहेत, आणि उतरत्या साथीत एखाद्या आठवड्यात इथलं कोणीच गेलं नाही. वस्तीने सुटकेचा श्वास टाकला असेल तो याच आठवड्यात. पण नोंदच नाही, तर ग्रुप बायला तो दिसतच नाही. आठवड्यांचं वेगळं टेबल घेऊन त्याला मृत्यूंची नोंद लेफ्ट जॉइन करायची आणि रिकाम्या जागी कोअलेस लावायचं, तेव्हा कुठे त्या ओळीत ० उमटतं.