उलटी रेघ

अक्षरांचा मी जन्माचा चाकर. दिवसा ती मुलांकडून गिरवून घ्यायची, रात्री कादंबरीत मांडायची. त्यामुळे भाच्यानं संगणकाच्या ‘सी’ भाषेतली एक गंमत सांगितली, तेव्हा ती मला अगदी घरची वाटली.

ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली. तिच्यात मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवतात. आता पाहा, मजकुराच्या पोटातच अवतरणचिन्ह आलं तर? यंत्र समजणार, मजकूर संपला! म्हणून त्याच्या आधी एक उलटी तिरपी रेघ मारायची. रेघ सांगते, ‘बाबा रे, पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ घेऊ नकोस.’ रेघेपुढे ‘एन’ आला की नवी ओळ, ‘टी’ आला की टॅब. आणि खुद्द रेघच हवी असेल, तर रेघा दोन.

“पण मामा, खरी मेख पुढंच आहे,” भाचा म्हणाला. ही उकल कंपायलर करतो, तीही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मजकुराची. प्रोग्रॅम चालू असताना कुणी आज्ञा टाइप केली, तर कंपायलर तिथं नसतो. रेघ आणि एन ही दोन सुटी अक्षरंच हाती येतात. मग प्रोग्रॅमनंच एकेक अक्षर वाचायचं, रेघ दिसली की थबकायचं, पुढचं पाहून अर्थ लावायचा. रेघेनंतर आज्ञाच संपली, तर तिथं शून्याचा दगड रोवलेला असतो. तो ओलांडायचा नाही. पलीकडची स्मृती आपली नव्हे.

आज्ञेतलं एक अक्षर काय करतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, ही आख्यायिका ‘ध चा मा’ म्हणून आपण अजून सांगतो.

माझी आई गावी एकटी असते. फोनवर रोज म्हणते, “मी बरी आहे.” एखादे दिवशी मात्र ‘बरी’च्या आधी ती क्षणभर थांबते. शब्द तेच, आवाज तोच. पण तो थांबा म्हणजे उलटी रेघ. ती ऐकू आली, की मी पुढं काही विचारत नाही. पिशवीत दोन कपडे टाकतो आणि संध्याकाळची एस.टी. धरतो.