टाकलेल्या वस्तूंची खेळणी

बदलापूर पूर्वेकडील खरवई हे अंबरनाथ तालुक्यातील गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे आणि वाढत्या इमारतींमुळे ओळखले जात असले, तरी ते ज्या ठाणे जिल्ह्याच्या पट्ट्यात वसले आहे, तेथील मुले पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या हातांनी खेळणी करीत आली आहेत. या खेळण्यांचा कच्चा माल बहुतेक वेळा मोठ्यांनी वापरून, खाऊन किंवा मोडून टाकलेला असे. म्हणून गावात काय खाल्ले जाते आणि कशावर पोट चालते, हे तेथील मुलांच्या खेळण्यांवरूनही ओळखता येते.

उन्हाळ्यात ताडगोळे काढून घेतल्यावर उरणारी ताडफळाची कवचे बारीक काठीच्या दोन टोकांना बसवली की चाके तयार होतात, आणि दुबेळक्याच्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या काठीच्या आधाराने ही गाडी धुळीतून ढकलता येते. पावसाळ्यात उकिरड्यावर रुजलेली आंब्याची कोय फोडून आतली बी दगडावर एका बाजूने घासली असता दोन दलांमधली फट उघडी पडते आणि फुंकताच ती वाजू लागते. बी जास्त घासली गेली तर ती वाजत नाही, आणि हे प्रमाण कोणी शिकवत नाही. दोन-चार कोयी वाया घालवूनच ते हाताला कळते.

बांबूची बंदूक मात्र खरी कारागिरी मागते. दोन्ही टोकांना उघड्या असलेल्या नळीच्या तोंडाशी एक हिरवे फळ घट्ट बसवून दुसरे मागून दट्ट्याने रेटले की मध्ये कोंडलेली हवा दबते, पुढचे फळ फट्‌कन उडते आणि मागचे त्याच्या जागी अडकून पुढच्या बाराची गोळी बनते. ही बंदूक केवळ इथलीच नाही. आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतील मुलांकडून गावोगावची परंपरा वह्यांत लिहून घेतली. त्या वह्यांत घरगुती खेळण्यांच्याही नोंदी आहेत. आयर्लंडमधील मुले एल्डर नावाच्या झुडपाच्या फांदीतला मऊ भेंड काढून हीच बंदूक करीत, तेव्हा हवेचा गुण दोन्हीकडच्या पोरांना पुस्तकाआधीच ठाऊक होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

कारखाने आले आणि ही खेळणी संपली, असा हळहळीचा सूर नेहमी लावला जातो, पण तो अर्धाच खरा आहे. अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता, आणि रिकाम्या काडेपेटीच्या दोन खणांना भोक पाडून, दोरा ओवून, आत काडीला गाठ मारून केलेला टेलिफोन सर्वत्र मुलांच्या हाती होता. त्याचा दोरा ताणलेला हवा आणि वाटेत कशाला टेकता कामा नये, एवढीच अट. पुढे खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच साहित्यातून भूमितीचे आकार उभे करून या टाकाऊपणाला शिक्षणात जागा मिळवून दिली.

यंत्रांच्या शेजारी वाढलेल्या वस्त्यांतील खास खेळणे म्हणजे बेअरिंगची गाडी. फळीखाली मागे दोन आणि पुढे एक किंवा दोन झिजलेली बेअरिंगे, पुढच्या आडव्या लाकडाला मधोमध एकच बोल्ट, आणि वळवण्यासाठी दोन्ही टोकांना दोरी, एवढ्यावर ती चालते. बोल्ट फार आवळला तर गाडी वळत नाही, सैल राहिला तर पुढचे लाकूड थरथरते. चिखलाच्या वाटेवर ती रुतते. तिला उतार आणि गुळगुळीत रस्ता हवा असतो, आणि असा रस्ता झाला की त्यावर आधी ट्रक व रिक्षा येतात.