निवृत्तीनंतर व्यायामाचा कोणता वर्ग लावावा? माझाच अनुभव सांगते

“रोज अर्धा तास चाला.”

हे वाक्य मी ओपीडीत किती हजार वेळा सांगितलं असेल, याचा हिशोब नाही. मधुमेह असो, रक्तदाब असो, गुडघेदुखी असो, केसपेपरवर औषधांखाली ही ओळ ठरलेली. तुमच्यापैकी अनेकांना ती माझ्याच अक्षरात मिळाली असेल. आज मला त्या ओळीबद्दल थोडी कबुली द्यायची आहे.

गेल्या वर्षी, वयाच्या ५८व्या वर्षी मी रुग्णालयाच्या नोकरीतून निवृत्त झाले. दोनेक महिन्यांनी भाचीच्या मुलीचं बारसं होतं. आम्ही बायका सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या आणि मी उठायला गेले, तर उठताच येईना. शेवटी एक हात जमिनीवर आणि दुसरा शेजारच्या बाईंच्या खांद्यावर टेकून कशीबशी उभी राहिले. त्या बाई निघाल्या माझ्याच जुन्या पेशंट. म्हणाल्या, “मॅडम, आम्हाला सांगायचात ना, व्यायाम करा म्हणून?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर मात्र आईची आठवण झाली.

माझी आई रोज सकाळी पाऊण तास चालायची. पाऊस असला तर गॅलरीत फेऱ्या मारायची. ७६व्या वर्षी एका रात्री बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण ती पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. सात महिन्यांत गेली. आई चालत होती, पण अडखळल्यावर सावरण्याइतकी ताकद तिच्या पायांत उरली नव्हती. मी डॉक्टर असून तिला कधी म्हटलं नाही, “आई, हात न टेकता उठून दाखव बघू.”

फक्त चालणं का पुरत नाही?

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी आपले ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. यात आधी मार बसतो तो झटपट काम करणाऱ्या स्नायूतंतूंना. ठेच लागल्यावर चटकन पुढे पाऊल टाकून आपल्याला सावरतात ते हेच. चालण्याने हृदय, फुफ्फुसं, साखर, मन या सगळ्यांना फायदा होतो. ते सोडू नका. पण चालताना स्नायूंवर जो भार येतो, तो त्यांच्या रोजच्या सवयीचा असतो. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडल्याशिवाय स्नायू वाढत नाहीत.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत तीन गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि ६५ वर्षांवरील लोकांसाठी किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम. मी आयुष्यभर तुम्हाला यातली पहिलीच गोष्ट सांगत आले.

आधी स्वतःची परीक्षा

भिंतीला टेकवून एक हात नसलेली खुर्ची ठेवा. हातांची घडी छातीवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. शेजारी कुणाला तरी उभं करा. ६० ते ६४ वयाच्या स्त्रियांमध्ये १२पेक्षा कमी आणि पुरुषांमध्ये १४पेक्षा कमी आकडा आला, तर तो सरासरीपेक्षा कमी मानतात आणि पडण्याचा धोका जास्त समजतात.

मी साठीच्याही आत. माझा आकडा आला १०.

यजमान म्हणाले, “घरीच कर की व्यायाम.” पण स्वतःचा स्वभाव मला ठाऊक आहे. घरी चटई अंथरली की दाराची बेल वाजते, कुकरची शिट्टी होते आणि आपल्यालाही तेच हवं असतं. म्हणून ठरवलं, चार लोकांत जायचं. पुढचे तीन महिने मी एकेक वर्ग करून पाहिला.

हास्य क्लब. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन याची सुरुवात केली. आमच्या बागेत तीसेक जण येतात. पहिल्या दिवशी खोटं हसताना लाज वाटली, तिसऱ्या दिवशी खरं हसू यायला लागलं. एकटं राहणाऱ्यांसाठी ही फार मोलाची जागा आहे. पायांच्या ताकदीसाठी मात्र पुरेशी नाही.

योगवर्ग. शिक्षिका जुन्या वळणाच्या. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन आसन करून घेणाऱ्या. वीरभद्रासनात दहा श्वास थांबले तेव्हा मांड्या थरथरल्या. वृक्षासनात चार सेकंदांत पाय खाली आला. तोल आणि लवचिकता यांसाठी उत्तम. आठवड्यातला एक दिवस मी आजही तिथे जाते.

झुम्बा. इथे चूक माझी आणि त्यांचीही. बॅच तरुण मुलींची होती, गाणी जोरात, आणि मला कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की माझा डावा गुडघा कुरकुरतो. उड्या मारायला मजा आली, अगदी मनापासून. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि दहा दिवस जिना एकेक पायरी करून उतरले. नाच वाईट नाही. ज्येष्ठांसाठी झुम्बाचा सौम्य प्रकारही असतो, त्यात उड्या नसतात. माझी बॅच ती नव्हती, एवढंच.

पाण्यातले व्यायाम. गुडघा बरा झाल्यावर पोहण्याच्या तलावावर महिलांच्या बॅचला गेले. छातीएवढ्या पाण्यात शरीराचा बराचसा भार पाणी उचलतं, त्यामुळे सांधे दुखत नाहीत. वजन जास्त किंवा गुडघे झिजलेले असतील त्यांनी जरूर करून पाहावं. मला जायला-यायला दीड तास लागायचा. तीन आठवड्यांत सबबी सुरू झाल्या आणि मी गळले.

ताकदीचा वर्ग. हा सापडला घराजवळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. बारा जण, सर्वांत मोठे काका ७९ वर्षांचे. साधनं म्हणजे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रबरी पट्टे आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या. शिकवणारी मुलगी फिजिओथेरपिस्ट. पहिल्या दिवशी तिने व्यायाम घेतलाच नाही. आजार, गोळ्या, आधी कधी पडणं, गुडघे-पाठ, सगळं वहीत लिहून घेतलं. मी डॉक्टर आहे म्हटल्यावर म्हणाली, “मग मावशी, तुम्हाला तर जास्तच विचारायला हवं.”

तिथे खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीवर हात ठेवून जोर, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, रेषेवर टाचेला चवडा लावून चालणं असे व्यायाम असतात. दर दोन आठवड्यांनी भार थोडा वाढतो. दुसऱ्या महिन्यात मी सलग दोन दिवस दांडी मारली, तर ७९ वर्षांच्या काकांचा फोन आला, “डॉक्टरीणबाई, बऱ्या आहात ना? तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती.”

मला वाटतं, वर्गाचा खरा उपयोग हाच. व्यायामाची माहिती मोबाईलवरही मिळते, पण आपण आलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं, ते वर्गातच. निवृत्तीनंतर आपली वाट पाहणारी माणसं अचानक कमी होतात. रुग्णालयात माझ्या दाराबाहेर रांग असायची. आता माझ्यासाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची राखून ठेवलेली असते, आणि तेवढ्यासाठी मी सकाळी सातला उठून जाते.

पाच महिन्यांनी पुन्हा मोजलं. आकडा १४. मागच्या महिन्यात सत्यनारायणाला जमिनीवर बसले आणि हात न टेकता उठले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वर्ग लावण्यापूर्वी हे पाहा

• शिकवणारी व्यक्ती तुमचे आजार आणि औषधं विचारते का? विचारत नसेल तर तुम्ही सांगा. ऐकून घेत नसेल तर तिथे जाऊ नका.

• वर्ग घराजवळ आहे का? लांबचा उत्तम वर्ग काही दिवसांत सुटतो.

• वर्षाची फी आधी भरू नका. एक-दोन आठवडे जाऊन पाहा.

• व्यायाम करताना बोलता यावं, पण गाता येऊ नये, एवढीच दमछाक पुरे.

आणि ही काळजी घ्या

• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा.

• रक्तदाब असेल तर जोर लावताना श्वास रोखू नका. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी नाडी मंद राहते, त्यामुळे घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका.

• काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळा. हाडं ठिसूळ असतील तर कंबरेतून जोरात वाकणं आणि पिळणं टाळा.

• छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काहीही जाणवलं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा. “गॅस असेल” म्हणून घरी जाऊन झोपू नका.

• हृदयविकार असेल, अलीकडे ऑपरेशन झालं असेल किंवा वर्षभरात पडला असाल, तर सुरू करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

आता माझ्याकडे सल्ल्याला कुणी आलं, तर मी कागदावर दोन ओळी लिहिते. पहिली जुनीच, “रोज अर्धा तास चाला.” दुसरी, “हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा.” आणि त्यांना तिथल्या तिथे उठायला लावते. तुमच्या घरी आई-वडील असतील, तर आज संध्याकाळी त्यांनाही तेवढं विचारा. मी माझ्या आईला विचारायला उशीर केला.