येरमाळ्याच्या वळणावर

तुळजापूरचं दर्शन आटोपून आम्ही मायलेकी बीडकडे निघालो होतो. दुपारी मामेबहिणीचा साखरपुडा होता. धाराशिव मागे पडलं, येडशीही मागे पडली आणि येरमाळ्याच्या अलीकडे गाड्यांची लांबच लांब रांग लागलेली दिसली.

"अपघात झाला वाटतं," असं म्हणत आईने आपोआप हात जोडले.

अपघात नव्हता. समोर रस्त्यावर विमानाच्या पंखासारखं पांढरंशुभ्र काहीतरी इंचाइंचाने सरकत होतं. ते पवनचक्कीचं एक पातं होतं.

बालाघाटच्या डोंगरांतून जाणाऱ्यांना पवनचक्क्या नव्या नाहीत. सोलापूर-धुळे महामार्गाने येरमाळा, वाशी, भूम या बाजूला गेलं की माथ्यावर त्या फिरताना दिसतात. येडेश्वरीच्या डोंगराला हात जोडावेत, सरमकुंडी फाट्यावर कुंथलगिरीचे पेढे घ्यावेत आणि त्या पंख्यांकडे बघत पुढे जावं, असा हा रस्ता. पण एवढं मोठं पातं वर चढतं कसं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गाडी थांबली म्हणून पडला. आईला सावलीत बसवून मी पुढे चालत गेले.

पातं साठेक मीटर लांब होतं. एसटीच्या पाच गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, तर साधारण तेवढी लांबी होईल. वजन मात्र वाटतं तेवढं नसतं. काचेचे धागे, राळ आणि आत हलकं बाल्सा लाकूड यांचं हे पोकळ पातं दहा-पंधरा टनांचं असतं. त्याहून जड माल तर उसाच्या हंगामात रोज रस्त्यावर दिसतो. इथे अडचण वजनाची नाही, लांबीची आहे. दोन तुकडे करून नेता येत नाही का? तशी जोडाची पाती निघाली आहेत, पण अजून बहुतेक पाती अखंडच असतात. सबंध लांबीभर सलग गेलेल्या धाग्यांवरच त्यांची ताकद असते. जोड दिला की वजन वाढतं आणि तीच जागा जपावी लागते.

मग आखूड का करत नाहीत? त्याचं उत्तर शाळेतल्या वर्तुळाच्या गणितात आहे. पातं तिप्पट लांब केलं, तर ते नऊपट जागेतला वारा पकडतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या, तेव्हाच्या अनेकांची पाती वीस मीटरच्याही आत होती. आजची तिप्पट आहेत. गावातले रस्ते मात्र होते तेवढेच राहिले.

त्यावर तोडगा म्हणजे हा लांबणारा ट्रेलर. दुर्बिणीच्या नळीत नळी असते, तशी याच्या लोखंडी तुळईत दुसरी तुळई असते. लांब करायचा झाला की मागच्या चाकांचे ब्रेक लावायचे, खिट्ट्या काढायच्या आणि पुढचं इंजिन हळूहळू ओढायचं. ट्रकवाले या इंजिनाला 'घोडा' म्हणतात. हवी तेवढी लांबी झाली की खिट्ट्या परत बसवायच्या. माल उतरला की ट्रेलर मिटतो आणि साध्या ट्रेलरसारखा घरी परततो. मागची चाकंही वळवता येतात, पण ती घोड्यातल्या ड्रायव्हरच्या हातात नसतात. ती वळवणारा माणूस मागे पायी चालतो.

तो माणूस म्हणजे विशी-बाविशीचा एक पोरगा. गळ्यात शिट्टी आणि हातात बटणांचा डबा. जालन्याकडचा, म्हणून मराठीत बोलला. "पुढचं उस्ताद बघतात, ताई. मागचं मी. उस्तादांना आरशात शेवट दिसतच नाही."

ट्रेलर महामार्ग सोडून डाव्या हाताच्या गावरस्त्याला लागत होता. वळणावरचा दिशाफलक काढून ठेवला होता, साइडपट्टीवर मुरूम टाकून दाबला होता. गावाची वीज थोडा वेळ बंद ठेवली होती, आणि दोघेजण लांब काठ्यांनी तारा वर उचलून उभे होते. पोराची शिट्टी वाजली. घोडा डावीकडे वळला, आणि पात्याचं मागचं टोक उजवीकडे, थांबलेल्या गाड्यांच्या बाजूला फिरू लागलं.

नेमकी तेव्हाच रांगेतून एक मोटरसायकल पुढे घुसली. नवरा, बायको आणि टाकीवर बसवलेलं लेकरू. पोराने जीव खाऊन शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात पसरून तो गाडीच्या आडवा झाला. ट्रेलर जागच्या जागी थांबला. पात्याचं टोक डोक्याच्या उंचीवर, मोटरसायकलपासून हातभर अंतरावर डुलत होतं. क्षणभर कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. मग ती बाई नवऱ्यावर ओरडली, "म्हटलं होतं ना, थांबा म्हणून!"

गाडी मागे गेली. पोराने कपाळावरचा घाम पुसला, उस्तादांना खूण केली आणि काम पुन्हा सुरू झालं. ते एक वळण पार व्हायला पाऊण तास लागला.

उस्ताद हरियाणाचे. खाली उतरून चहा पिताना म्हणाले, "जल्दी का काम नहीं है, मॅडम." ते खरंच. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघालेलं ७० टनांचं एक यंत्र जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निघालं आणि तिरुअनंतपुरमला पोचलं ते जुलै २०२० मध्ये! त्यापुढे आमचा पाऊण तास काय?

घरी कधी जाता, असं विचारलं तर उस्ताद नुसते हसले. या पात्यानंतर दुसरं, मग तिसरं. एका पवनचक्कीला तीन पाती लागतात.

परत आले तर आई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने दुरून सगळं पाहिलं होतं. देवीच्या प्रसादाची पुडी घेऊन ती त्या पोराकडे गेली. "घे रे बाळा. सकाळपासून काही खाल्लंस का?" पोराने हात पँटला पुसले आणि दोन्ही हातांनी प्रसाद घेतला.

साखरपुड्याला आम्ही उशिराच पोचलो. मामांनी कारण विचारलं तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "एक पोरगं रस्ता अडवून उभं होतं. बरं झालं, अडवला."

तुम्हालाही कधी असं लांबलचक धूड रस्त्यात भेटेल. ते वळत असेल, तेव्हा मोकळ्या दिसणाऱ्या बाजूने घुसू नका. थोडा वेळ ती बाजू रिकामी दिसते, पण पात्याचं टोक तिकडेच येत असतं. हे फक्त मागून चालणाऱ्या त्या एका माणसाला ठाऊक असतं. त्याची शिट्टी ऐकू आली, की थांबा.