नेवाशाचा मुक्काम

देह ही धर्मशाळा आणि जीव हा वाटसरू, हा दृष्टांत ऐकला नाही असा वारकरी सापडायचा नाही. कीर्तनात तो वैराग्याच्या अंगाने येतो. रात्रीपुरते टेकायचे, पहाटे पडशी उचलायची, भिंतींवर जीव लावायचा नाही. दृष्टांत खराच आहे. पण ज्याने धर्मशाळेत खरोखर रात्री काढल्या आहेत त्याला विचारा. तिथल्या भिंतींवर कुणाचा जीव जडतो? तिथे निभवायचे असते ते शेजारी पथारी टाकणाऱ्याशी. तो घोरणारा असतो, मध्यरात्री दिवा लावणारा असतो, आणि कधी कधी ज्याच्याशी वर्षानुवर्षे अबोला आहे असाही असतो.

गेल्या वैशाखात आम्ही चौघे नेवाशाला गेलो. वैशाख शुद्ध एकादशी ही मोहिनी एकादशी, आणि नेवासे हे मोहिनीराजाचे क्षेत्र. दशमीच्या आदल्या दिवशी पोचायचे आणि द्वादशीचे पारणे करून निघायचे, असा बेत होता. चौघे म्हणजे मी, माझ्या मागे तीस वर्षे मृदंगाला उभे राहिलेले आबा, टाळाला अण्णा, आणि नाना. नाना आमच्यात लहान, म्हणजे चौसष्ट वर्षांचा, म्हणून गाडी त्याच्याकडे. त्यानेच अट घातली होती, "बुवा, चौघे असाल तर गाडी काढतो, तिघांसाठी नाही." आबांच्या हाताला आता कंप आहे, मृदंग त्यांनी नातवाला देऊन टाकला. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या वैशाखाची हमी कुणी कुणाला द्यायची?

आबा आणि अण्णा नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण दिंडीच्या हिशेबाचे. अण्णा वीस वर्षे दिंडीची भिशी गोळा करीत. ट्रक, तंबू, शिधा, गॅस, सगळे त्यांच्या वहीत. एका वर्षी वारीनंतरच्या बैठकीत आबांनी सगळ्यांदेखत विचारले, "अण्णा, अकराशे रुपये कुठे गेले?" गेले कुठेच नव्हते. डिझेलची पावती दुसऱ्या पानाला चिकटली होती, दुसऱ्या दिवशी घरी सापडली. पण प्रश्न चारचौघांत पडला होता आणि उत्तर घरात सापडले. अण्णांनी वही दुसऱ्याच्या हवाली केली ती कायमची. आबा म्हणत, "लोकांच्या पैशाचे विचारायचे नाही तर कशाचे?" तेही खरेच.

आपल्यात भेटले की एकमेकांच्या पाया पडायचे, वय-जात पाहायची नाही. ही रीत दोघांनीही मोडली नाही. नऊ वर्षे दर भेटीला दोघे वाकत, पायाला हात लावीत आणि तोंड फिरवून निघून जात. मला विचाराल तर ते पाहणे भांडण पाहण्यापेक्षा अवघड होते. माउलींच्या पालखीत समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती तेवढी वाजवीत राहते, मग चोपदार तिच्याकडे जाऊन ऐकून घेतात. मोठी शहाणी रीत आहे. पण हे दोघे टाळ थांबवून गप्प उभे होते. चोपदाराने जायचे कुणाकडे?

उतरलो ती जागा साधीच होती. एका शेतकऱ्याने उसाच्या कडेला चार खोल्या बांधल्या आहेत, बाहेर 'लॉज' अशी पाटी आहे, पण गावातले म्हातारे तिला धर्मशाळाच म्हणतात. खोलीचे पाचशे रुपये, तीन खाटा, एक पंखा, दारात कडुनिंब आणि त्याखाली रांजण. मालकाच्या घरून पिठले-भाकरी. त्या रात्री दहालाच वीज गेली. मालक म्हणाला, "माउली, खोलीत शिजाल. गच्चीवर जा." गच्चीवर एका बाजूला देऊळ, तिकडे पाय करायचे नाहीत, दुसरीकडे पाण्याची टाकी. म्हणजे चौघांनी एकाच ओळीत, एकाच दिशेला डोके करून झोपायचे. नानाने सतरंज्या टाकल्या आणि स्वतः एका कडेला जाऊन पडला. मी दुसऱ्या कडेला पडलो. राहिल्या मधल्या दोन.

मध्यरात्री आबा उठून अंधारात पाण्यासाठी चाचपडत होते. तांब्या अण्णांच्या उशाशी होता. त्यांनी तो हाताने पुढे सरकवला. आबा प्याले, तांब्या परत सरकवला. शब्द नाही.

दशमीला सकाळी पैस खांबापाशी गेलो. याच खांबाशी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, माउलींनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. खांब काही नक्षीचा नाही, अंगावर जुना कोरीव लेख असलेला दगड. पण नऊ हजार ओव्या संपल्यावरचे पसायदान इथेच मागितले गेले, आणि त्या मागण्यात मैत्रीची मागणी कशी येते हे तुम्हाला मी सांगायला नको. आबा आणि अण्णा खांबाच्या दोन बाजूंना डोके टेकून उभे होते. मी बाहेर येऊन बसलो. दोघांनाही यायला बराच उशीर लागला.

एकादशीला मोहिनीराजाचे दर्शन झाले. रात्री गच्चीवर हरिपाठ आणि मग जागर. मृदंग नव्हताच. अण्णांनी टाळ घेतले, मी जमेल तसे म्हणत होतो. गळा आता दोन अभंगांत बसतो. चांदणे लख्ख होते. थोड्या वेळाने पाहतो तर आबांची बोटे मांडीवर ठेका धरत होती. कंप होता, पण सम चुकत नव्हती. मांडीवरच्या बोटांचा आवाज तो काय येणार? अण्णांनी टाळाची लय किंचित खाली घेतली, आबांच्या बोटांना झेपेल अशी. मोतीबिंदूच्या डोळ्यांना ती बोटे दिसली असतील असे मला वाटत नाही. तीस वर्षांच्या सवयीला दिसली असावीत. चंद्र कलेपर्यंत आम्ही बसलो होतो. नाना मध्येच भिंतीला टेकून घोरू लागला होता, त्याचे त्याला दुसऱ्या दिवशी ऐकवले.

द्वादशीला पारणे झाले आणि मालक हिशेब घेऊन आला. तीन रात्रींचे दीड हजार, जेवणाचे निराळे; एकादशीच्या फराळाचे पैसे घ्यायला तो तयार नव्हता. नाना म्हणाला, "वाटेत डिझेल आहे, चहापाणी आहे. पैसे एकाच्या हातात द्या, मागून वाटणी करू." कुणाच्या हातात, हे तो बोलला नाही. आबांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, न मोजता अण्णांच्या पुढे धरल्या आणि म्हणाले, "मांडा तुम्ही."

अण्णा बघत राहिले. मग म्हणाले, "मोजून द्या."

"तुम्ही मोजा."

"मला दिसत नाही."

"मग नाना मोजेल. लिहा तुम्ही."

अण्णांनी दिनदर्शिकेचे जुने पान मागून घेतले आणि त्याच्या पाठीवर डोळ्यांशी कागद नेऊन मोठ्या अक्षरांत आकडे मांडले. आबांना चाळीस रुपये परत निघाले. अण्णांनी ते त्यांच्या हातावर ठेवले, आणि आबांनी मोजून घेतले.

परतताना टोक्याला थांबलो. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. उन्हाने पाणी मागे हटले होते. सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरताना अण्णांनी आबांचा दंड धरला होता, की आबांनी अण्णांचा, ते मागून नीट कळले नाही. वर रस्त्यावर एक बाई कलिंगडे विकत होती. आबा म्हणाले साठ जास्त होतात, अण्णा म्हणाले उन्हात बसलीय, द्या. त्यावर दोघांची चांगली पाच मिनिटे हुज्जत चालली. शेवटी साठच दिले, आणि अण्णांनी गाडीत बसल्यावर तेही कागदावर मांडले.